प्राणिसंग्रहालयातली हत्तीण: तिला तिथे ठेवायचा हक्क आपल्याला आहे का?

रानपाखरू:
परवा पुतण्याला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले होते. हत्तिणीच्या आवारासमोर गर्दी होती. ती एकाच जागी उभी राहून डुलत होती. उजवा पाय जरासा उचलायचा, सोंड डावीकडे, डोकं खाली, मग सगळं उलट. शेजारचे एक बाबा लेकीला म्हणाले, "बघ, हत्ती नाचतोय!" मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी पंचवीस मिनिटं उभी होते, हत्तीण थांबली नाही. तिच्या पायाखालचं काँक्रीट तेवढ्याच जागी गुळगुळीत झालं होतं.

तो नाच नव्हता. बंदिवासातले हत्ती असे तासन् तास डुलतात. रानातल्या कळपात हे दिसत नाही. २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात युरोपातल्या हत्तींचा अभ्यास आला होता. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींपैकी निम्म्या १६.९ वर्षांच्या आत गेल्या. केनियातल्या अंबोसेलीच्या रानात, माणसाने मारलेल्या सोडल्या, तर हाच आकडा ५६ वर्षांचा. तिथे दुष्काळ आहे, सिंह आहेत, औषध द्यायला कुणी नाही. आणि जिथे डॉक्टर आहे, रोज चारा आहे, तिथे ही गत.

माझं मत स्पष्ट आहे. निदान हत्ती, ध्रुवीय अस्वल अशा लांब लांब भटकणाऱ्या प्राण्यांना दाखवण्यासाठी कोंडून ठेवू नये.

किल्लीवाला:
मी अकरा वर्षं प्राणिसंग्रहालयात काम करतो, त्यातली सहा हत्तींकडे. तुमचा राग समजतो. पण तो अभ्यास १९६० ते २००५ या काळातल्या नोंदींवरचा आहे. आफ्रिकी हत्तिणींचं जगणं त्या काळातही हळूहळू सुधारत होतं, हे त्याच अभ्यासात लिहिलंय. तेव्हा साखळ्या होत्या, अंकुश होता. आज आमची हत्तीण जाळीतून स्वतः पाय बाहेर देते. मी नखं कापतो, भेगांमध्ये अडकलेले खडे काढतो, पाय धुतो. नको वाटलं की ती पाय मागे घेते, आणि त्या दिवशी काम तिथेच थांबतं. वैरण एका जागी टाकत नाही, उंच टांगतो, ओंडक्यांत लपवतो, म्हणजे तिला दिवसभर शोधावी लागते.

आता दुसरी गोष्ट. टांझानियात किहान्सी नदीच्या एका धबधब्याच्या तुषारांत अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक राहायचे. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. वर धरण झालं, पाणी वळवलं, तुषार संपले. २००० साली त्यातले ४९९ बेडूक उचलून अमेरिकेत ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नेले. पुढे रानातले सगळे गेले. २००९ मध्ये ही जात रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०१२ मध्ये याच बंदिवासातल्या बेडकांची पिल्लावळ परत त्या घळीत सोडली, तिथे कृत्रिम तुषारांची सोय करून. प्राणिसंग्रहालयं बंद असती तर हे कुणी केलं असतं?

खडूफळा:
किल्लीवाला यांच्याशी सहमत. शाळेची मुलं घेऊन जाते तेव्हा पाहते, पुस्तकातलं चित्र आणि समोर श्वास घेणारा प्राणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उंटाच्या पापण्या जवळून पाहिलेला मुलगा महिनाभर त्याबद्दल बोलत होता.

रानपाखरू:
ताई, उंटाचं मी मान्य करते. पण टाळ्या वाजवणारी ती मुलगी हत्तीबद्दल काय शिकून गेली? हत्ती नाचतो, एवढंच. चुकीचं शिकण्यापेक्षा न पाहिलेलं बरं.

किल्लीवाला, बेडकांची गोष्ट वाचून मी खरंच हलले. प्रझेवाल्स्कीचा घोडाही असाच वाचला हे मला माहीत आहे. मंगोलियाच्या रानात तो १९६०च्या दशकाअखेर शेवटचा दिसला, आणि आज जे आहेत ते बंदिवासातल्या जेमतेम डझनभर घोड्यांचे वंशज. पण त्या बेडकांची वीण काचपेट्यांत होते. तिथे पाहुण्यांची गरजच काय? ते काम प्रेक्षकांशिवाय करा ना.

किल्लीवाला:
पैसा कुठून आणायचा? नखाएवढा बेडूक बघायला कुणी तिकीट काढत नाही. लोक येतात हत्ती, वाघ, जिराफ बघायला. त्या पैशावर बेडकांच्या खोलीतलं पाणी, दिवे, किड्यांची पैदास चालते. कटू आहे, पण खरं आहे.

रानपाखरू:
म्हणजे हत्तिणीने बेडकाचं भाडं भरायचं. माझा आक्षेप नेमका हाच आहे. धरण माणसांनी बांधलं, तुषार माणसांनी बंद केले. मग त्याची किंमत माणसांनी मोजावी. तिच्यावर का?

उंबरठा:
इथे जात आणि जीव यांची गल्लत होतेय. दुखतं ते जिवाला, जातीला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा दीड वर्षाचा, ठणठणीत जिराफ मारला. कारण काय, तर त्याची जनुकं युरोपच्या प्रजनन कार्यक्रमात आधीच पुरेशी होती. लहान मुलांसमोर त्याचं विच्छेदन झालं, मांस सिंहांना घातलं. जातीच्या वहीत तो हिशेब बरोबरही असेल. पण मारियस त्या वहीतली नोंद नव्हता.

किल्लीवाला:
मारियसचा निर्णय मलाही पटला नव्हता, अजून पटत नाही. पण जात गेली की दुखायला जीवच उरत नाही. अरबी ओरिक्स, हरणासारखा वाळवंटी प्राणी, १९७२ मध्ये रानातून संपला, शिकारीने. संग्रहालयांत जपलेल्या कळपातून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत गेला. पुढे तिथे रानात जन्मलेलं पाडस जगलं, पळलं. तोही जीवच ना?

उंबरठा:
आहे. पण ओरिक्स परत गेला. संग्रहालयातले हत्ती किती परत जातात? बहुतेकांना जायला रानच नाही, आणि तसा बेतही नाही. परतीची वाट नसेल तर त्याला संवर्धन म्हणू नये.

रानपाखरू:
अगदी हेच. माझी मागणी आता नेमकी करते. हत्तींची नवी भरती थांबवा, वीण थांबवा, आहेत त्यांना नीट सांभाळा.

किल्लीवाला:
ऐकायला सोपं वाटतं. हत्तिणी आया, मावश्या, पोरं मिळून जगतात. पिल्लं थांबली की कळप म्हातारा होत जातो. एकेक करून जातात, आणि शेवटी एकच उरते. सांगा, त्या शेवटच्या हत्तिणीचं काय करायचं? दुसऱ्या संग्रहालयात हलवलं तर तोही धोका. एका जागेहून दुसरीकडे पाठवल्यावर आशियाई हत्ती लवकर दगावतात, हे तुम्ही दिलेल्या त्याच अभ्यासात आहे.

रानपाखरू:
याचा मी विचार केला नव्हता. कालपासून तोच घोळतोय डोक्यात.

तरी एक उदाहरण देते. ब्वेनोस आयरेसचं जुनं प्राणिसंग्रहालय २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं. तिथली मारा, सर्कशीतून आलेली आशियाई हत्तीण, मे २०२० मध्ये ब्राझीलच्या अभयारण्यात नेली. रस्त्याने सुमारे २,७०० किलोमीटर. तिथे माती आहे, झाडं आहेत, दुसऱ्या हत्तिणी आहेत आणि तिकीटखिडकी नाही. दुसऱ्या संग्रहालयात धाडणं वेगळं आणि हे वेगळं. शेवटची एकटी उरेपर्यंत थांबायचंच कशाला? दोघी-तिघी असतानाच एकत्र हलवा.

किल्लीवाला:
माराचं वाचलंय. अशी जागा असेल तर माझा विरोध नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण ते ट्रक आणला आणि चढवलं, असं नसतं. आधी कित्येक आठवडे पेटारा आवारात नुसता उघडा ठेवायचा. आत फळं ठेवायची. तिने पुढचे दोन पाय आत टाकले तरी दार लावायचं नाही, मागे फिरू द्यायचं. मग एक दिवस दार लावायचं आणि मिनिटभरात उघडायचं. हे सगळं तिच्या ओळखीच्या माणसाने करायचं, वाटभर तोच आवाज तिच्या कानावर पडला पाहिजे, आणि तिकडे पोचल्यावरही त्याने काही आठवडे राहायला हवं.

आमच्या दोघी आहेत. तशी वेळ आली तर मी जाईन त्यांच्याबरोबर.