नवरा-बायकोचं एचएलए जुळत नाही म्हणून किडनी नाकारायची का?

ऊतीपेशी: एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. रिपोर्टवर त्यांची ‘जुळणी ०/६’, म्हणजे सहापैकी एकही जुळत नाही, असं दिसलं की घरचे हबकतात आणि दाता म्हणून बायकोचं नाव मागे पडतं. हे चूक आहे. प्रत्यारोपण संशोधक तेरासाकींच्या गटाने १९९५ मध्ये मांडलेल्या अमेरिकी नोंदी बघा. तीन वर्षांनी चालू असलेल्या किडन्या : जोडीदाराच्या ८५ टक्के, आईवडिलांच्या ८२, मृत दात्यांच्या ७०. आईवडिलांशी अर्धी जुळणी हमखास असते, तरी फरक पडला नाही. जुळणीचा आकडा सोडा, रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) शोधा.

सहावं_गुणसूत्र: त्याच अभ्यासातला पुढचा आकडा का गाळलात? नवऱ्याने बायकोला दिलेल्या किडन्या : ती कधीच गरोदर राहिली नसेल तर ८७ टक्के, राहिली असेल तर ७६. गर्भातलं बापाकडचं एचएलए तिच्या शरीराने आधीच ओळखलेलं असतं. शिवाय पंचविशीतल्या रुग्णाला पुढे दुसरी किडनी लागण्याची शक्यता मोठी. पहिलीतल्या न जुळलेल्या प्रतिजनांविरुद्ध (परक्या एचएलए खुणांविरुद्ध) प्रतिपिंडं झाली की दुसरा दाता मिळणं अवघड. आणि ०/६ म्हणजे फक्त ए, बी, डीआर या तीन एचएलए जागांच्या प्रत्येकी दोन खुणा. डीक्यू या आणखी एका जागेचं काय? प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणारी प्रतिपिंडं बहुतेकदा त्याच्याच विरुद्ध असतात. आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करा. पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के आहे.

ऊतीपेशी: तरुण रुग्णाबाबत मान्य. साठीच्या माणसाला मात्र चांगल्या जुळणीसाठी डायलिसिसवर ताटकळत ठेवू नका.

क्रॉसमॅच_बेंच: दोघंही रिपोर्ट बरोबरच आहे असं धरून चालताय. सीडीसी क्रॉसमॅच (रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, दात्याच्या पेशींवर घालून त्या मरतात का हे बघणारी चाचणी) निगेटिव्ह आली तरी कमी प्रमाणातली प्रतिपिंडं निसटतात, म्हणून फ्लो (लेझरने प्रतिपिंडं टिपणारी क्रॉसमॅच) आणि सिंगल अँटिजेन बीड (एकेक एचएलए चिकटवलेल्या मण्यांची चाचणी) लागतात. बीडचंही ऐकून घ्या : प्रतिपिंडं फार असली की कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) मण्यावर साचतं आणि रीडिंग उलट कमी दिसतं. सीरमला ईडीटीए (कॉम्प्लिमेंट रोखणारं रसायन) द्या किंवा ते पातळ करून पुन्हा चालवा. सीडीसी पॉझिटिव्ह आली तर डीटीटी (आयजीएम मोडणारं रसायन) घालून बघा, आयजीएम प्रकारच्या प्रतिपिंडांमुळे असेल तर ती निगेटिव्ह होते. रिटुक्सिमॅब (बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना चिकटणारं औषध) दिलेल्या रुग्णाची बी-पेशी क्रॉसमॅच खोटी पॉझिटिव्ह येते. रक्त चढवलं असेल तर किमान १४ दिवसांनी नवं सीरम घ्या, जुन्यावर निर्णय नको.

सहावं_गुणसूत्र: इतकं करून प्रतिपिंडं निघालीच, तर ती काढायला प्लाझ्मा (रक्तातला द्रव) बदलत बसण्याआधी दुसऱ्या जोडीशी दात्यांची अदलाबदल शोधा. भारताच्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांना ती मुभा आहे.

ऊतीपेशी: रुग्ण ओ गटाचा असेल तर? त्याला ओ दाताच हवा, आणि असे दाते अदलाबदलीत फारसे येतच नाहीत, कारण ते बहुतेक आपल्याच माणसाला थेट देऊ शकतात. तिथे प्लाझ्मा बदलणंच उरतं.