गार्बारेकने जॅझ सोडलं का?

मूळ लेखन
नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक (जन्म १९४७). त्याच्यावर कायमचा ठपका आहे की सत्तरच्या दशकातला हा धगधगता जॅझवाला पुढे गुळगुळीत चर्चसंगीतात रमला. मला हे अजिबात पटत नाही. चौदाव्या वर्षी रेडिओवर अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकून तो या वाद्याकडे वळला, पण म्हणून जन्मभर कोल्ट्रेनच गिरवत बसायचं? १९९३ साली ऑस्ट्रियातल्या सेंट गेरोल्ड मठात त्याने हिलिअर्ड एन्साम्बल या चार गायकांच्या गटाबरोबर 'ऑफिशियम' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. सोळाव्या शतकातल्या मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराची रचना चौघे संथपणे गातात आणि त्यावर याचा सॅक्सोफोन आपली वाट शोधत जातो. मूळ रचनेत त्याच्यासाठी एकही स्वर लिहिलेला नाही. ही उपज नाही तर काय?

प्रतिसाद १
उपज आहे, मान्य. पण लय कुठे आहे? १९७४ चा 'बिलाँगिंग' हा अल्बम ऐका. पियानोवर कीथ जॅरेट, बासवर पाले डॅनिएल्सन, ड्रम्सवर यॉन क्रिस्टेन्सन. तिघेही गार्बारेकला डिवचतात, तोही तसाच उसळून उत्तर देतो. मठात त्याला अडवणारं कोणीच नाही. चुकार स्वरसुद्धा तिथल्या घुमाऱ्यात सुंदरच वाटतो. 'ऑफिशियम'च्या दहा लाखांवर प्रती खपल्या, म्हणून ते जॅझ ठरत नाही.

प्रतिसाद २ (मूळ लेखक)
खपाचा मुद्दा मी काढलेलाच नाही! आणि टक्कर हवी असेल तर 'रागाज अँड सागाज' ऐका. समोर पतियाळा घराण्याचे उस्ताद फतेह अली खाँ आहेत. गार्बारेक तिथे ताना मारायला जात नाही, लांब, धारदार स्वर लावून थांबतो. तो थांबा मला फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद ३
तुम्ही दोघंही अमेरिकेकडे बघूनच मोजताय. १९८९ चं 'रोसेन्सफोले' कसं विसरलात? लोकगायिका आग्नेस बुएन गार्नोस नॉर्वेची जुनी गाणी गाते आणि तो साथीला आहे. त्याच्या स्वरातली ती उघडी, हाक मारल्यासारखी फेक या गाण्यांच्या किती जवळची आहे, ते तिथे कळतं.

प्रतिसाद १
'रोसेन्सफोले' मलाही आवडतं. म्हणूनच तक्रार आहे. लोकसंगीत म्हणा, त्याची थोरवी कमी होत नाही. पण जॅझ म्हणायचं, तर क्रिस्टेन्सनच्या झांजांसारखं मागून ढकलणारं कोणीतरी हवंच.