यादीतून २०१२ चा ओहायो स्टेट गाळणाऱ्यांना

ऑलेंटँजीकाठचा:

परवा आकडेबहाद्दर यांनी इथे यादी टाकली: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये नवा कोच आला आणि पहिल्याच हंगामात एकही सामना हरला नाही, असे संघ. लॅरी कोकरचा २००१ चा मायामी, १२-०. ख्रिस पीटरसनचा २००६ चा बॉइझी स्टेट, १३-०. आणि तळाला एक ओळ: ‘२०१२ चा ओहायो स्टेट धरलेला नाही. कॉन्फरन्सची फायनल नाही, बाउल नाही. अर्धा पेपर लिहून पैकीच्या पैकी मार्क मागू नयेत.’ (कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट, बाउल म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना.) प्रतिसादात दोन ओळी लिहून बघितल्या, मावलं नाही. म्हणून वेगळा धागा.

आकडेबहाद्दर, पेपर अर्धा लिहिला नव्हता. अर्ध्यात काढून घेतला होता, आणि तोही आधीच्या बॅचच्या कॉपीपायी.

ओहायो स्टेटचं टॅटू प्रकरण २०१० च्या डिसेंबरात फुटलं. तेव्हाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) प्रायर आणि मंडळींनी अंगठ्या, जर्सी, मिशिगनला हरवल्यावर मिळते ती इवलीशी सोन्याची पँट, असं देऊन, नियमात मनाई असताना, टॅटू आणि पैसे घेतले. तेव्हाचे कोच ट्रेसल यांना हे महिनोन् महिने आधी ईमेलवरून कळलं होतं, ते गप्प बसले आणि मे २०११ मध्ये पद सोडून गेले. नवा कोच अर्बन मेयर आला २८ नोव्हेंबर २०११ ला. २० डिसेंबरला, म्हणजे तो येऊन महिनाही व्हायच्या आत, कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने निकाल दिला: २०१२ मध्ये बाउल नाही, नऊ स्कॉलरशिप कमी. टॅटूवाले पाचही जण तोपर्यंत संघाबाहेर किंवा बाहेरच्या वाटेवर होते. शिक्षा भोगली ती जॉन सायमन, झॅक बोरेन यांच्यासारख्या सिनियर पोरांनी. शेवटचं वर्ष, पुढे काही नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत, तरी थांबले. बोरेन तर फुलबॅक, म्हणजे आक्रमणातला. बचावात माणसं कमी पडली तेव्हा अर्ध्या हंगामात त्याला लाइनबॅकर केलं. गेला आणि खेळला.

मी तेव्हा ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला शिकत होतो. २० ऑक्टोबरचा पर्ड्यूचा सामना स्टेडियमात बसून पाहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याला आपटलं, त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. शेवटी २२-१४ ने मागे, ४७ सेकंद, एकही टाइमआउट नाही आणि हातात राखीव क्वार्टरबॅक केनी गायटन. माझ्या रांगेतले निम्मे लोक कोट चढवून जिन्याकडे निघाले होते, मीही उठलो होतो. ६१ यार्ड गेले, तीन सेकंद उरले असताना टचडाउनचे सहा गुण, मग कन्व्हर्जनचे दोन, बरोबरी. जिन्यात पोचलेले लोक उलटे धावत वर आले. माझ्या पुढच्या आजोबांचा एक हात कोटाच्या बाहीत आणि दुसरा हवेत, कोट लोंबतोय, त्यांना भानच नाही. ओव्हरटाइममध्ये २९-२२. जिंकून जाणार कुठे होतो आम्ही? कुठेच नाही. तरी ती पोरं तशी खेळली, आणि तुम्ही म्हणता मार्क मागू नका.

आकडेबहाद्दर:

आजोबांचा कोट मनाला लागला, पण यादी भावनांची नाही.

कॅलिफोर्निया त्या वर्षी ३-९. त्यांच्याविरुद्ध घरच्या मैदानावर ३५-२८, तेही उशिरा आलेल्या एका लांब पासवर. इंडियाना ४-८, त्यांनी ४९ गुण ठोकले, तुम्ही ५२. मिशिगन स्टेट १७-१६. आणि तुम्ही अभिमानाने सांगता तो पर्ड्यू. कोकरने शेवटी रोझ बाउलमध्ये नेब्रास्काला ३७-१४ ने झोपवलं. पीटरसनने फिएस्टा बाउलमध्ये ओक्लाहोमाला ओव्हरटाइममध्ये ४३-४२ ने मारलं. ओहायो स्टेटच्या वाट्याला जानेवारी आलाच नाही. त्याच वर्षी नोट्र डेमही १२-० होता. ७ जानेवारीला अलाबामाने ४२-१४ केलं आणि अपराजितपण एका रात्रीत संपलं. न झालेल्या सामन्यात कोणीच हरत नसतं.

‘शिक्षा निष्पापांनी भोगली’ हेही अर्धसत्य. २०१२ च्या संघात असे तीन खेळाडू होते ज्यांना २०११ च्या सुरुवातीला एका कार्यक्रमात पैसे घेतल्याबद्दल निलंबन झालं होतं. रक्कम किरकोळ, पण सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते.

अण्णा टोलेडो:

मुळावर घाव घाला की. दोष एनसीएएचा नाही, आपल्याच अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचा. २०११ ला लूक फिकेलच्या हाताखाली ६-६. निकाल २० डिसेंबरला हातात, गेटर बाउल २ जानेवारीला. निकालाआधीच सांगायचं, आम्ही यंदाच बाउल सोडतो, पुढचं वर्ष मोकळं ठेवा. फ्लोरिडातल्या मायामीने त्याच नोव्हेंबरात आपणहून सोडला होता ना? पण जीन स्मिथ यांना वाटलं स्कॉलरशिप सोडल्या की भागेल. गेलो जॅक्सनव्हिलला, फ्लोरिडाकडून २४-१७ मार खाऊन आलो, ६-७. त्या सातव्या पराभवासाठी बारा विजयांचा बळी दिला. तेरा वर्षं झाली, माझं डोकं अजून शांत होत नाही.

अ‍ॅन आर्बरची वहिनी:

मी समोरच्या बाजूची, मिशिगनची, सगळ्यांना ठाऊक आहे. २४ नोव्हेंबरचा सामना तुम्ही जिंकलात, मान्य. मध्यंतराला आम्ही २१-२० ने पुढे, नंतर आमच्या पोरांना एक गुण करू दिला नाहीत. तुमच्या बचावाला त्या अर्ध्या तासाचे मार्क माझ्याकडून पूर्ण.

पण पीडित म्हणवून घेऊ नका. त्याच सामन्यात २००२ च्या विजेत्या संघाचा सत्कार होता, आणि जुन्या खेळाडूंनी ट्रेसलना खांद्यावर उचललं. लाखाच्या वर माणसं उभी राहून ओरडत होती. ज्यांच्या गप्प बसण्यापायी त्या सिनियर पोरांचा बाउल गेला, त्यांनाच त्या पोरांच्या शेवटच्या सामन्यात खांद्यावर घेता? आज ते ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. शिक्षा झाली तर नेमकी कोणाला झाली हो?

ऑलेंटँजीकाठचा:

वहिनी, त्या क्षणी मीही उभा राहिलो होतो. आज तसा उभा राहीन की नाही, सांगता येत नाही. हा मुद्दा तुमचा.

आकडेबहाद्दर, ती तीन पोरं तुमची बरोबर, ‘सगळे निष्पाप’ हे माझं विधान मागे. पण समोरचे संघ कच्चे होते, हे चालणार नाही. मॅडिसनला विस्कॉन्सिनने शेवटच्या आठ सेकंदांत बरोबरी केली, आपण ओव्हरटाइममध्ये २१-१४ ने जिंकलो. पुढे गंमत बघा. आपल्यावर बंदी, पेन स्टेटवर बंदी, म्हणून डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉन्फरन्सच्या आपल्या अर्ध्या भागात, तिसरा आलेला तोच विस्कॉन्सिन कॉन्फरन्सच्या फायनलला गेला आणि नेब्रास्काची ७०-३१ अशी धूळधाण उडवली. त्या नेब्रास्कावर आपण ऑक्टोबरात ६३ केले होते. फायनल कोण जिंकलं असतं हे मी सांगत नाही. पण जे खेळले त्या दोघांना आपण आधीच हरवलं होतं.

कबड्डीवाला बापू (सांगली):

मला हा खेळ मुलाच्या नादानं कळतो, तो तिकडे असतो. पण बंदी म्हणजे काय ते मला विचारा.

आमच्या कॉलेजचा कबड्डीचा संघ. मी तिसऱ्या वर्षाला, डाव्या कोपऱ्यात. आदल्या वर्षी एका रेडरचा वयाचा दाखला खोटा निघाला. तो पोरगा कॉलेज सोडून गेला, सर बदलले, नवे सर आले ते पहाटे पाचला मैदानावर हजर. साखळीतले सगळे सामने आम्ही जिंकले. उपांत्य फेरीच्या आदल्या संध्याकाळी कागद आला: मागच्या वर्षाच्या प्रकरणात संघ बाद. सर कागद घेऊन खोलीत आले. काही बोलले नाहीत, आमच्या पिशव्या स्वतः उचलून टेम्पोत ठेवल्या. आमच्या एकाने पायाला बांधलेलं फडकं तसंच ठेवलं, सांगलीपर्यंत सोडलं नाही.

आज कोणी विचारलं की त्या वर्षी हरलात का, तर मी ‘नाही’ म्हणतो. खोटं बोलतो का मी?

आकडेबहाद्दर:

बापू, खोटं नाही बोलत तुम्ही. पण ‘जिंकलात का’ विचारलं तर काय सांगाल? माझ्या यादीत दोन्ही प्रश्न एकत्र होते, ही माझी चूक असू शकते. असू शकते, एवढंच म्हणतो.

स्नेहलता_डब्लिन:

सगळे जण ‘कोणी भोगलं’ यावर भांडताय. गुन्हा काय होता ते कोणी बोलतच नाही. स्वतःची अंगठी विकली! आपण कोलंबसची पोरंपोरी काय करत होतो? विद्यार्थी म्हणून सीझन तिकीट स्वस्तात घ्यायचं, मिशिगनचं तिकीट चढ्या भावात विकायचं आणि त्यात डिसेंबरचं मुंबईचं विमान निम्मं काढायचं. मी केलंय, दोन वर्षं. मी विकलं तो व्यवहार आणि ज्यांच्यामुळे त्या तिकिटाला भाव आला त्यांनी विकलं तो कलंक?

जुलै २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर राजरोस कमावतात. २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात, एकेका विद्यापीठाला वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर देता येतात. पैसे घेतल्यावरून गेलेली रेगी बुशची हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, २०२४ मध्ये त्याला परत मिळाली. आणि प्रायरच्या २०१० च्या संघाचे बारा विजय खोडले होते. मेयरला वर्षाला चाळीस लाख डॉलर, आणि पोराने स्वतःची जर्सी विकली तर संघावर बंदी. मुळात बंदीच अन्यायाची होती, मग ‘बाउल खेळले नाहीत’ हा आक्षेप उरतो कुठे?

अ‍ॅन आर्बरची वहिनी:

स्नेहलता, नियम आज बदलला म्हणून कालचा मोडलेला नियम मोडला नव्हता असं होत नाही. तुझं तिकीट विकणं कोणत्या नियमात बसत होतं हे तुलाच माहीत.

माझ्याबरोबर नाशिकची एक मुलगी होती, मिडवेस्टमधल्याच एका विद्यापीठात. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसमध्येच. मेसमध्ये भांडी घासायची दोघी. तिच्या वडिलांची नोकरी गेली आणि ती शनिवार-रविवार एका दुकानात रोखीने काम करायला लागली. सापडली. कोणाची चोरी नाही केली, स्वतःचे हात विकले. तिच्यासाठी कोणी धागा काढला नाही. तुमचे खेळाडू सापडले तर पाच सामने बसवले, तेही पुढच्या वर्षी. त्याआधी शुगर बाउल खेळू दिला. नियम काय असतो ते मला शिकवू नकोस.

स्नेहलता_डब्लिन:

वहिनी, तुम्ही माझीच बाजू मांडताय आणि माझ्यावरच चिडताय! तो नियम तुमच्या मैत्रिणीवर अन्याय करणारा होता असं तुम्हालाही वाटतं. मग या पोरांच्या वेळी तोच कडक न्याय का हवा? तिला जे मिळालं नाही ते दुसऱ्यालाही मिळू नये म्हणून?

अण्णा टोलेडो:

स्नेहलता, आवाज खाली. वहिनी वयाने मोठ्या आहेत.

स्नेहलता_डब्लिन:

आवाज मी चढवलेला नाही, अण्णा. प्रश्न विचारलाय. तुम्ही गेटर बाउलवर तेरा वर्षं ओरडता तेव्हा कोणी वय काढत नाही.

ऑलेंटँजीकाठचा:

व्हिसाचा विषय मोठा आहे, त्याला वेगळा धागा हवा. हात जोडतो, माझा प्रश्न एवढाच आहे: १२-० यादीत की बाहेर?

हंगाम संपल्यावर एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पत्रकारांनी या संघाला तिसरा क्रमांक दिला. कोचेस पोलने, म्हणजे कोच मंडळींच्या क्रमवारीने, बंदी आहे म्हणून नावच घेतलं नाही, जणू तो संघ खेळलाच नाही. आकडेबहाद्दर, तुमची यादी कोचेस पोलसारखी झाली आहे. पहिला नको, दुसराही नको, पण नाव घ्या. याच पायावर संघ सलग २४ जिंकला आणि २०१४ ला, राष्ट्रीय विजेतेपदाच्या पहिल्याच प्लेऑफमध्ये, ऑरेगनला ४२-२० ने हरवून अजिंक्य झाला. सायमन आणि बोरेन तोवर निघून गेले होते. त्यांच्या वाट्याला आलं ते फक्त हे १२-०.

आकडेबहाद्दर:

२०१४ मध्ये आणू नका, तो वेगळा हिशेब. ते २४ कुठे थांबले तेही सांगा: २०१३ ची कॉन्फरन्स फायनल, मिशिगन स्टेट, ३४-२४. जो सामना २०१२ ला खेळायचा राहिला, नेमका त्याच पायरीवर.

पण बापूंचा प्रश्न काल रात्रभर डोक्यात राहिला. मथळा ‘एकही सामना न हरलेले’ असा आहे आणि तो मीच लिहिला. त्या मथळ्याखाली हा संघ बसतो. यादी दुरुस्त केली आहे: ‘ओहायो स्टेट, २०१२, अर्बन मेयर, १२-० (बंदीमुळे बाउल नाही)’. कंस काढणार नाही, कितीही लिहा.

कबड्डीवाला बापू (सांगली):

कंस राहू दे. आमचं तर कंसातही नाव नाही.

स्नेहलता_डब्लिन:

वहिनी, काल जास्त बोलले असेन. तुमच्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?

अ‍ॅन आर्बरची वहिनी:

सेमिस्टर संपायच्या आत परत गेली. विमानतळावर मीच सोडलं. मेसमधला तिचा एप्रन माझ्याकडे राहिला होता, पोस्टाने पाठवू का विचारलं तर नको म्हणाली. आता नाशिकला क्लास घेते, दिवाळीला फोन होतो. त्या दुकानाचा विषय आम्ही दोघी काढत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नाही, माहीत आहे मला.