मोटर काढण्याआधी कपॅसिटर आणि व्होल्टेज बघा

बोअरची मोटर नुसती हूं करते, पाणी उचलत नाही, म्हणून ती बाहेर काढायचं तुम्ही ठरवलंय. भाऊ, थांबा. आधी मेन बंद करून वरचा स्टार्टर उघडा, कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा छोटा डबा) फुगलाय का बघा. हात मात्र लावू नका, त्यात चार्ज राहतो. बदलायचा तर वायरमनकडूनच. मग चालू करताना व्होल्टेज मोजून घ्या. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज पडतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात घटतो: २३० ऐवजी १८० मिळाले तर जवळपास ४० टक्के कमी! अशात पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. म्हणून टाकी पहाटे, व्होल्टेज बरं असताना भरा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेलंय, तिथे ड्राय-रन प्रिव्हेंटरही (पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र) बसवाच.