मदत हवी आहे: हिवाळ्यात बाइक गंजू नये म्हणून काय करता?

मंडळी, मी थंडीतही रोज कामावर बाइकनेच जातो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि तेच गाडीच्या मुळावर आलंय. काल चेनला तेल द्यायला खाली बसलो तर एक्झॉस्टचे नट तांबूस, स्पोकच्या टोकांशी पांढरी पूड, आणि साइड स्टँडच्या स्प्रिंगला बोट लावलं तर चक्क पापुद्रा हातात आला. गाडी जेमतेम दोन वर्षांची!

थोडी चूक माझीही. घरी आल्यावर कढत पाण्याने धुवायचो (हात गारठतात हो). गरम पाण्याने मीठ उलट जास्त जोमाने काम करतं, हे नंतर कळलं. आता आधी गार पाणी. प्रेशर वॉशरही बंद, बेअरिंगचं ग्रीस निघून जातं.

एसीएफ-५० सारखा गंजरोधक स्प्रे मारायचा विचार आहे. रोजच्या धुण्यात तो कितपत टिकतो? ब्रेक डिस्कवर उडू नये म्हणून काय झाकता? आणि नटांवरचा गंज आधी तारेच्या ब्रशने घासून काढू, की वरूनच मारू? चेन ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) आहे, तिला तो ब्रश लावणार नाही, एवढं कळतं.

रोज थंडीत गाडी चालवणाऱ्यांनी जरूर सांगा. 'हिवाळाभर झाकून ठेव' हा सल्ला नको, दुसरी गाडी नाही.