मारा नदीच्या काठावरून कळप माघारी का फिरला असावा?

सह्यकडा:
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही केनियातील मासाई मारा अभयारण्यात 3 दिवस होतो. सिंह, तरस, चित्ता असे बरेच काही दिसले; त्याबाबत तक्रार नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या एका प्रसंगाविषयी आहे. सकाळी आठच्या सुमारास मारा नदीच्या पूर्वेकडील उंच काठावर विल्डबीस्टचा (गायीसारखे दिसणारे मोठे आफ्रिकी हरीण) मोठा कळप जमला होता, माझ्या अंदाजाने 3-4 हजारांचा. पावसाळ्यात खाचरातून बेडूक ओरडावेत तसा त्यांचा आवाज सलग घुमत होता. आम्ही साडेतीन तास थांबलो. अखेर दहा-बारा झेब्रे घसरणीवरून खाली उतरले, सर्वांत पुढच्या झेब्र्याने पाण्याला तोंड लावले, एक पाय पाण्यात टाकला, आणि काय झाले ते कळण्याआधीच सगळा कळप धुरळा उडवत माघारी पळाला. दोन्ही काठांवर मिळून चाळीसेक गाड्या होत्या. कळप गाड्यांना बिचकला की मगरींना? आणि आमच्या चालकाने छातीठोकपणे ‘आता उतरणारच’ असे सांगितले होते, ते तो कशाच्या आधारावर म्हणाला असावा?

नैरोबीकर:
आपल्या चालकाने तसे सांगायला नको होते. नदी पार करण्याचा निर्णय घेणारा कोणी म्होरक्या या कळपात नसतो. मागच्या जनावरांचा रेटा वाढत जातो, पुढची काठावर अडून राहतात, आणि कोणी तरी एक पाण्यात उतरले की बाकीची आंधळेपणाने त्याच्या मागे जातात. झेब्रे पुष्कळदा आधी उतरतात, पण बिथरतातही तेच आधी. पाणघोड्याचे फुसकारणे, वाऱ्यावर आलेला सिंहाचा वास, समोरच्या काठावरची हालचाल, यांपैकी काहीही पुरते.

मगरींची भीती आपण समजतो त्याहून कमी महत्त्वाची आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2001 ते 2015 या काळातील नोंदी तपासल्या होत्या. त्यानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी सुमारे 6,250 विल्डबीस्ट बुडून मरतात. चेंगराचेंगरी, खडा काठ आणि पाण्याची ओढ ही खरी कारणे. त्या मांसाचा अगदी थोडा वाटा मगरींच्या पोटात जातो. उरलेले गिधाडे, माराबू करकोचे आणि मासे खातात, आणि हाडे तर नदीच्या तळाशी वर्षानुवर्षे विरघळत राहतात.

गाड्यांबद्दल मात्र आपली शंका रास्त आहे. पहिली जनावरे पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी काठापासून मागे राहावे, असा संकेत आहे. नदीच्या पश्चिमेचा मारा ट्रँगल हा भाग 2001 पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही बिनसरकारी संस्था सांभाळते, तर पूर्वेचा भाग नारोक कौंटीच्या प्रशासनाखाली येतो. एकाच नदीचे दोन काठ दोन व्यवस्थांकडे असल्याने शिस्तही सारखी दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

पाणकावळा:
मी चंद्रपूरचा, ताडोबात वाढलेला. आमच्याकडे वाघ दिसत नसला तरी वानराचा किंवा चितळाचा कॉल (धोक्याचा इशारा देणारा आवाज) आला की जिप्सी तिथेच थांबवून कान टवकारायचे, ही सवय अंगात मुरलेली असते. मारामध्ये गेल्यावर ती सवय डोळ्यांना लावावी लागली, कारण तिथे मैदान उघडे असते. टोपी नावाचे तांबूस, दांडग्या खांद्यांचे हरीण वारुळावर उभे राहून एकाच दिशेला टक लावून बघत असेल, तर त्या दिशेच्या गवतात बहुधा काही तरी दबा धरून बसलेले असते. (या नावावरून आमच्या गाडीत जे विनोद झाले ते इथे देत नाही.)

काठावरही हेच करावे. कळपाकडे न पाहता पुढची दोन-तीन जनावरे कुठे पाहतात ते पाहावे. पाण्याकडे पाहत असतील तर थांबण्यात अर्थ आहे. मान वर करून पलीकडच्या काठाकडे पाहू लागली, तर बहुतेक वेळा ती परततात. आणि परतली म्हणून कायमची गेली असेही नाही. पाऊस आणि कोवळे गवत जिकडे असेल तिकडे तेच कळप जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान ही नदी अनेकदा, दोन्ही दिशांनी पार करतात.

नैरोबीकर:
पाणकावळा यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. कळप पाण्यात उतरतो ती जागा आणि बाहेर पडतो ती जागा, या दोन्ही खुरांनी खणून झालेल्या ठरावीक वाटा असतात. बाहेर पडण्याच्या वाटेच्या तोंडाशी एक जरी गाडी उभी राहिली, तरी पुढच्या जनावराला समोरचा काठ बंद झालेला दिसतो. आपल्याकडे छायाचित्रे असतील तर पलीकडचा काठ जरा पाहा.

सह्यकडा:
काल रात्री छायाचित्रे वेळेनुसार लावून पाहिली. 11 वाजून 31 मिनिटांच्या छायाचित्रात पलीकडच्या वाटेच्या तोंडाशी एक पांढरी व्हॅन आहे. 11 वाजून 26 मिनिटांच्या छायाचित्रात ती जागा मोकळी आहे. व्हॅन दिसते त्याच्या पुढच्याच छायाचित्रात पहिल्या झेब्र्याची मान वर झालेली आहे आणि ओल्या तोंडावरून पाणी गळताना दिसते. एवढ्यावरून मी व्हॅनलाच दोष देणार होतो, परंतु 11 वाजून 29 मिनिटांच्या छायाचित्रात, म्हणजे व्हॅन दिसण्याच्या आधी, त्याच्या मागचे दोन झेब्रे कान टवकारून नदीच्या खालच्या अंगाला पाहत आहेत. तिकडे काय होते, ते माझ्या चौकटीत आलेले नाही.