प्रति: फाइल्स वाचल्या, पण फॉन्ट?
विंडोज ११ टाकताना 'फक्त वैयक्तिक फाइल्स ठेवा' हा पर्याय निवडला की सगळं जागेवर राहतं, असं आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय; ते फाइल्सपुरतं बरोबर आहे. फॉन्टचं तसं नाही. आमच्या राळेगावकडे अर्ज-प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्यांचा पुष्कळ जुना मजकूर अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच आहे. विंडोज ११ टाकल्यावर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट तेवढा गेलेला असतो. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर बघा. त्यात विंडोज, त्याच्या आत फॉन्ट्स. तिथून जुने फॉन्ट काढून पुन्हा इन्स्टॉल करा. लवकर मात्र, ते फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप उडतं.

आणि विजेच्या लाइनीचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर विंडोज टाकायचं काम पावसाळी संध्याकाळी काढूच नका.